भोपळ्यांच्या गाडीतली हवा

ते पत्र मला अजून पाठ आहे, कारण ते अगदी लहान होतं. निळं आंतरदेशीय पत्र, आत ठसठशीत अक्षर. 'मास्तर, तुम्ही वाचणारे आहात म्हणून तुम्हाला लिहिते. मामा विचारतात, आमच्या आढ्याचा भोपळा मिरजेला कसा पोचला? फुटला की साबूत आहे? जे असेल ते खरं कळवा. पेरणीच्या आधी कळवा.' खाली सही, कलावती.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

मी मास्तर नव्हतोच. मिरजेच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचो. पण चष्मा आणि खालची मान बघून भीमाकाठच्या बोरवाडीत सगळ्यांनी मला मास्तर करून टाकलं होतं. 'मी मास्तर नाही' हे सांगायचंही मला कधी जमलं नाही.

बोरवाडीला मी जायचो ते माझ्या धाकट्या भावाबरोबर. भूपालची पिकअप होती. वर्षभर तो गूळ आणि विटा वाहायचा आणि उन्हाळा लागला की भीमाकाठचे भोपळे मिरजेला आणायचा. हे खायचे भोपळे नव्हेत. कडू असतात, घागरीएवढे, कधी त्याहून मोठे. वेलावरच देठ वाळू द्यायचा, मग उतरवून महिनोन् महिने सुकवायचे. पोट पोकळ होतं, साल लाकडासारखी होते. त्याची सतार होते, तानपुरा होतो. मिरजेतले वाद्यं करणारे कारागीर वर्षभर या भोपळ्यांवर जगतात, आणि ते आणण्याचं काम भूपालकडं असल्याचा त्याला फार अभिमान होता. "अण्णा, मैफलीत लोक डोलतात ना," तो मला म्हणायचा, "त्यातला पयला सूर माझ्या गाडीच्या हौद्यात वाजलेला असतोय."

त्या वर्षी त्यानं गाडीला नवे टायर घातले. कंपनीचे झिजले होते. गुळाच्या ढेपांना बळ पाहिजे म्हणून त्यानं कोल्हापुरातून जाड भिंतीचे, रुंद, दुसऱ्याच जातीचे टायर आणले. मिरजेच्या नाक्यावर सलीमच्या दुकानात ते बसवत होते तेव्हा मी वाचनालयातून घरी चाललो होतो. भूपालनं मला हाक मारली.

"अण्णा, हिकडं ये. वाच जरा काय लिहिलंय. तुझं इंग्रजी कधी कामाला येणार?"

मी उकिडवा बसलो. टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरं होती.

"गाडीच्या दारावर हवेचा आकडा लावलाय की," मी म्हणालो.

"त्यो कंपनीच्या टायरचा हाय," सलीम म्हणाला. "ह्या टायरला त्यो चालत न्हाई. ह्यो पैलवान गडी हाय, ह्याला खुराक जास्त लागतोय."

"मग ह्याचा खुराक किती?"

"टायरवरच लिवलेलं असतंय. वाचा की काका."

मी वाचलं. एवढं वजन, आणि त्याला एवढी हवा, पंच्याहत्तर. आकड्याच्या आधीचा शब्द 'जास्तीत जास्त' या अर्थाचा होता. तेवढी घालाच असं नव्हे, त्याच्या वर जाऊ नका, असं. मी तसं म्हणालो.

"म्हंजे किती घालू?" भूपालनं विचारलं.

"वजनावर आहे, असं दिसतंय."

"माल तर तू बघितलायस. केबिनच्या वर दोन पुरुष उंच रचतो आपण. फुल्ल लोड. मार रे सलीम, मागं सत्तर."

सलीमनं सत्तर मारली. मला काही तरी खटकलं होतं, पण काय ते मला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. शिवाय गाड्यांमधलं मला काय कळणार, असं मला वाटलं. मी पुस्तकाची पिशवी उचलून घरी गेलो.

त्या उन्हाळ्यातली पहिली खेप दस्तगीर मिस्त्रींच्या दारात उतरली. मिस्त्री वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतले जुने कारागीर. भोपळा मांडीवर घ्यायचे, बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. त्या दिवशी टिचकी मारून त्यांनी भोपळा बाजूला ठेवला. दुसरा घेतला, तोही ठेवला. तिसराही.

"भूपाल, तडे आहेत रे. केसागत आहेत, डोळ्याला दिसत नाहीत. पण आवाज मेलाय."

"सगळ्यांना?"

"निम्म्यांना असतील. कच्चे तोडले असतील, दुसरं काय? कच्च्याला दम नसतो, वाटेत तडकतो."

दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्या खेपेनंतर गल्लीतले दोघं कारागीर भूपालला टाळून दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलल्याचं कानावर आलं. भूपाल दोन दिवस नीट जेवला नाही, मग म्हणाला, "अण्णा, तू चल माझ्याबरोबर. त्या तायाप्पाला जाब विचारतो. तू नुसता उभा ऱ्हा."

बोरवाडीत तायाप्पांइतके मोठे भोपळे कुणाकडेच होत नसत. सत्तरीचा माणूस, वाळल्या काठीसारखा ताठ. फळाखाली पेंढ्याची चुंबळ सरकवून, आठवड्याला थोडं थोडं फिरवून ते त्याला घाट द्यायचे. बायको होती तेव्हा दोघं मिळून करायची, आता सून कलावती मदतीला असे. आम्ही पोचलो तेव्हा खळ्यावर भोपळ्यांची रास होती आणि गावातली चार माणसं गाडी भरू लागायला येऊन बसली होती.

भूपालनं चहासुद्धा घेतला नाही. "तायाप्पा, खरं सांगा. देठ हिरवा असताना तोडलेत ना? घाई झाली आसंल."

"हिरवा?" तायाप्पा म्हणाले. "कुणी बघितला?"

"मिस्त्री म्हणाले."

"मिस्त्रीनं मिरजंत बसून माझा देठ बगितला व्हय? मोटी नजर हाय की!"

बसलेली माणसं हसली. ते हसू भूपालला झोंबलं.

"तीन खेपा फुटल्या तुमच्या मालाच्या. माझी पत गेली गल्लीत. वय झालंय तुमचं, डोळं गेलंत. तसं सांगा की सरळ, त्यात लाज कसली?"

कुणी हसलं नाही. तायाप्पांनी हातातला पेंढा खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"मास्तर, तुमी सांगा. तुमी वाचलेलं मानूस. कच्चं हायती का हे?"

"मला भोपळ्यातलं काही कळत नाही हो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

तायाप्पा उठून घरात गेले. आत शिडी ओढल्याचा आवाज झाला, पाठोपाठ कलावतीचा. "मामा, नगा. आत्यांच्या हातचा हाय त्यो."

"म्हनूनच दिऊ लागलोय."

ते बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांत, पोटाशी धरून, एक भोपळा होता. स्वयंपाकघरातल्या आढ्याला टांगून धुरानं तो तांब्यासारखा लाल झाला होता.

"ह्यो आमच्या हिनं उतरवला. ती जाऊन चार उन्हाळं झालं. तवापासनं आढ्याला हाय. पावणं, ह्यो कच्चा हाय म्हनाल?"

"न्हाई," भूपाल म्हणाला.

"मग न्ह्या ह्याला. त्याच गाडीत, बाकीच्यांच्या मदीच ठिवा, त्याच पेंढ्यात. ह्यो साबूत ऱ्हायला आन बाकीचं फुटलं, तर माझंच डोळं गेलं. मग म्या पुन्यांदा येल लावनार न्हाई."

"आणि हाही फुटला तर?" मी विचारलं.

"तर खोट भोपळ्यात न्हाई, दुसरीकडं कुटं तरी हाय. मग लावीन की." ते पुढं म्हणाले, "फुटला तर फुटला म्हनून कळवा. वाईट वाटंल म्हनून दडवू नगा."

कलावती चौकटीत उभी होती. भूपालनं भोपळा घेतला तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

परतीच्या वाटेवर मी मागच्या काचेतून सारखा मालाकडं बघत होतो. रस्ता काही फार वाईट नव्हता, तरी प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू चेंडूसारखी उसळायची. रचलेला ढीग हवेत जायचा आणि दणकन खाली यायचा. गुळाच्या खेपेला गाडी अशी उडत नाही, हे मला आठवलं.

"भूपाल, फार उसळतीय रे."

"नवं टायर हाईत. मऊ पडायला वेळ लागतोय."

"सत्तर हवा जास्त होत नाही ना?"

"माल बघ की मागं, डोंगर हाय डोंगर! कमी हवंत टायर बसंल." मग हसून म्हणाला, "तू आपली पुस्तकं बघ."

संध्याकाळच्या आत आम्ही मिस्त्रींच्या दारात होतो. भूपालनं सगळ्यात आधी तो लाल भोपळा शोधून काढला आणि काही न सांगता मिस्त्रींच्या मांडीवर ठेवला. मिस्त्री खूश झाले. "वा! कुठला रे हा? असा सुकलेला हल्ली मिळत नाही." त्यांनी टिचकी मारली. मग कान जवळ नेऊन पुन्हा मारली. मग भोपळा उजेडात फिरवला आणि देठाखाली नख ठेवलं. तिथून एक चीर निघून पार पोटाखाली गेली होती.

"हा कच्चा नव्हता, भूपाल," मिस्त्री हळूच म्हणाले. "ह्याला कुणी तरी आपटलंय."

भूपाल पायरीवर बसला. मिस्त्रींच्या माणसांनी गाडी रिकामी करायला घेतली. एकेक जण चार-चार भोपळे जाळीत घालून खांद्यावर टाकून नेत होता, हसत, गप्पा मारत. ते बघताना सलीमच्या दुकानात मला काय खटकलं होतं ते माझ्या ध्यानात आलं.

"भूपाल, ह्या सगळ्या ढिगाचं वजन किती?"

त्यानं मान वर केली.

"दोन ढेपा गुळाएवढं तरी भरेल का?" मी म्हणालो. "ढीग डोंगराएवढा दिसतो, पण गाडी रिकामीच असते. आपण रिकाम्या गाडीत भरल्या गाडीची हवा घालतोय. जुने टायर झिजून मऊ झाले होते, तुझी हवाही कमी असायची, म्हणून इतकी वर्षं निभावलं."

तो पायरीवरून उठला. "नक्की?"

"नक्की मी कसं सांगू?" मी म्हणालो. "उद्या बघू या."

एका मासिकात मी वाचलं होतं की टायर बदलले आणि दारावरचा आकडा उपयोगाचा राहिला नाही, तर खडूनं बघावं. सकाळी वाचनालयातला खडू घेऊन आम्ही म्हैसाळच्या बाजूच्या सरळ डांबरी रस्त्यावर गेलो. मागच्या चाकांवर आडवा पट्टा ओढला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. भूपालनं गाडी सरळ थोडी पुढं नेली आणि उतरला. पट्टा फक्त मधोमध पुसला होता. दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा होता.

"म्हंजे मधल्याच बोटभर जागेवर उभी हाय गाडी," भूपाल म्हणाला.

"हो. टायर फुगून टणक झालेत."

त्यानं हवा सोडली, पुन्हा पट्टा ओढला, पुन्हा चालवली. साठला मधलंच पुसलं. पन्नासला थोडं पसरलं. चाळीसला सगळा पट्टा सारखा पुसला गेला. भूपाल चाकाशेजारी रस्त्यावरच बसून राहिला. मागून येणारा एक ट्रकवाला शिव्या देऊन गेला तरी त्याला कळलं नाही.

"मी त्याला डोळं गेलंत म्हणालो, अण्णा. चार माणसांत."

भोपळ्यांना चाळीस आणि गुळाला पासष्ट, असं त्यानं ठरवून टाकलं आणि कारागिरांना पुन्हा भेटून शब्द दिला. इतर गावांच्या खेपा राहिल्या होत्या, त्यातला एकही भोपळा तडकला नाही. गल्लीनं त्याचं काम त्याच्याकडंच ठेवलं. लाल भोपळ्याचे मिस्त्रींनी तुकडे केले आणि बाकीच्यांच्या डागडुजीला वापरले.

मग कलावतीचं ते पत्र आलं. मी लगेच कागद घेतला होता. भूपाल घरी आला आणि त्यानं ते बघितलं.

"नको लिहू," तो म्हणाला. "कागदावर नको. पुढच्या आठवड्यात मी स्वतः जातो. तोंडानं वाईट बोललो, तर तोंडानंच माफी मागायला पाहिजे. हात जोडून सांगतो त्याला."

"पेरणीच्या आधी जायला पाहिजे."

"जातो म्हटलं ना."

मला ते पटलं. माझ्या चार ओळींपेक्षा ते बरंच मोठं होतं. पण त्या आठवड्यात विटांची खेप निघाली, पुढच्या आठवड्यात आमची आई पडली, मग भूपालला ताप आला. मी मधून मधून विचारायचो, तो म्हणायचा, "जातो." नंतर नंतर मी विचारल्यावर तो चिडायला लागला आणि मी विचारायचं थांबवलं. दुसऱ्याच्या घराचा दरवाजा वाजवायला माझा हात उचलला जात नाही. भावाच्या मनाचं तर दूरच राहिलं.

तो गेला, पण पुढचा उन्हाळा लागल्यावर, खेपेलाच. एकटा गेला आणि रिकामी गाडी घेऊन आला. मी अंगणात होतो. तो गाडीतून उतरला नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला.

"काय झालं?"

"ज्वारी लावलीय त्यानं. येलाच्या जागी ज्वारी हाय."

"तू सांगितलंस ना त्यांना?"

"मला बघून उठून आला, अण्णा. माझ्या आधी त्यानंच हात जोडलं. म्हणाला, 'पावणं, तुमचं बरुबर हुतं. पत्राचं उत्तर आलं न्हाई तवाच कळलं मला. साबूत पोचला आसनार, मास्तरांनी मला वाईट वाटंल म्हनून लिवलं न्हाई.' चार माणसं होती तिथं. सगळ्यांदेखत तो माझी माफी मागायला लागला."

"मग?"

भूपालनं गाडीची किल्ली काढली आणि पुन्हा घातली.

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, असू द्या. मी म्हटलं, झालं गेलं." त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला. "मी त्याला माफ करून आलो, अण्णा!"

त्या रात्री मी चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. फुटला होता, असं लिहिलं की भूपालनं चार माणसांत दिलेली ती माफी उघडी पडणार होती. आधी तो कठोर बोलला म्हणून वाईट, आता खोटं वागला म्हणून वाईट. पुढचं मला लिहिवेना. सहा महिन्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. दोन वर्षांनी बोरवाडीकडचा एक माणूस मिस्त्रींकडं आला होता, त्यानं तायाप्पा गेल्याचं सांगितलं. शेवटची दोन वर्षं दुसऱ्यांच्या वेलांकडंही ते बघत नसत, म्हणाला. कुणी भोपळा दाखवायला आणला तर म्हणायचे, मला नगा इचारू, माझं डोळं गेल्यात.

भूपालनं भोपळ्यांचं काम आणखी बरीच वर्षं केलं, पण त्या बाजूला पुन्हा गेला नाही. आम्ही दोघांनी तायाप्पांचं नाव घरात काढलं नाही. जेवताना, सणाला, आजारपणात, कधीच नाही. मागच्या श्रावणात भूपाल गेला. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, सावकाश गेला. मी रोज त्याच्या उशाशी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. त्याला काही सांगायचं असेल असं मला दोन-तीनदा वाटलं, पण मी वाचत राहिलो.

या उन्हाळ्यात त्याच्या बायकोनं, पद्मावतीनं, ती जुनी पिकअप विकायला काढली. एक वीटभट्टीवाला बघायला आला. त्यानं विचारलं, मागं हवा किती ठेवायची? तिनं मला हाक मारली. मी सांगितलं, विटा असतील तर पासष्ट. माल हलका असेल तर चाळीस, मग तो दिसायला कितीही मोठा असो. तो माणूस गेल्यावर तिनं माझ्यासाठी चहा ठेवला.

"अण्णा, एक विचारू? बोरवाडीला तुम्ही कधी लिहिलंत?"

मी कप खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. शेवटी शेवटी तेच बोलायचे. म्हणायचे, मी अण्णाला लिहू नको म्हणालो, पण अण्णा माझं ऐकायचा नाही. दिसायला भित्रा आहे, पण खऱ्याच्या बाबतीत ऐकायचा नाही. त्यानं मला न सांगता कधीच लिहून टाकलं असणार." ती पदरानं बशी पुसत होती. "त्या एकाच गोष्टीवर त्यांना झोप लागायची, अण्णा. म्हणून मीही कधी तुम्हाला विचारलं नाही. लिहिलं होतंत ना?"

माझा भाऊ माझ्याबद्दल असं काही समजत असेल, हे मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं. मी मान हलवली. ती हो होती की नाही, तिला कळलं नसेल. तिनं पुन्हा विचारलं नाही.

घरी येऊन मी कागद घेतला. कलावती आहे की नाही, तिथंच आहे का, मला काही माहीत नव्हतं. या वेळी मी कागद फाडला नाही.

'सौ. कलावती यांस, तुमच्या पत्राचं उत्तर पाठवायला वीस वर्षं लागली. तुमच्या आत्यांच्या हातचा भोपळा फुटला होता. मिरजेत उतरवला तेव्हाच देठापासून चीर गेलेली होती. खोट आमच्या गाडीत होती. नव्या टायरांत आम्ही हवा जास्त भरली होती, भोपळे हलके असतात हे आमच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या मामांचा एकही भोपळा कच्चा नव्हता. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. माझ्या भावाला हे माहीत होतं आणि मलाही. हे पत्र गावात चार माणसांत मोठ्यानं वाचावं, अशी विनंती आहे.'

खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि 'मास्तर नव्हे, वाचनालयातला नोकर' असं लिहून, मग ते खोडून, नुसतं नाव ठेवलं.

टपाल कार्यालयात खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिनं पत्ता वाचला. "आजोबा, साधं टाकू की रजिस्टर?"

"नक्की पोचेल ते करा."

"मग पोचपावती पण लावू? तिकडून सही होऊन येईल तुमच्याकडं."

मागं रांग होती. कुणी तरी खोकलं.

"नको," मी म्हणालो. "त्यांनी आता मला काही पाठवायचं नाही."

तिनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, तिकिटं चिकटवली, त्यांवर शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.